बिनचुड्याची मेम

कमलीबाई नाचायची म्हणजे काय सांगू राजेहो! पोहरादेवीजवळच्या तिच्या माहेरच्या बंजारा तांड्यात होळीला डफडं वाजलं की फेरात पहिलं पाऊल तिचंच. चोपन्न साली नवरा गेला. दंडावरचे चुडे उतरवले आणि ती भावाकडं राहायला आली. तांड्याची रीत अशी, की चुडा नाही तर फेरात पाय नाही. वय अवघं अठ्ठावीस. लोक म्हणत, "कमलीनं मुकाट्यानं सोसलं." डोंबलाचं सोसलं! डफडं वाजलं की बिचारी घरात कुढत बसायची.

पुढच्या माघात भाऊ धरमसिंग तिला वाशीमला तंबूतला सिनेमा दाखवायला घेऊन गेला. हिंदी खेळाची रिळं आलीच नाहीत, म्हणून मालकानं इंग्रजी नाचाचा खेळ लावला. अर्धे लोक शिव्या घालत उठून गेले. कमलीबाई मात्र डोळे फाडून बघत होती. ती गोरी बाई काय फिरत होती! पायात घुंगरू नाहीत, तरी फरशी वाजत होती. आणि दंड उघडे, मनगटं मोकळी, कपाळ कोरं. तरीही एक बाप्या चारचौघांत तिचा हात धरून नाचत होता.

खेळ संपायच्या आत परतीच्या बैलगाडीवाल्यानं हाक मारली, तसे दोघं उठले. वाटेत धरमसिंगनं विचारलं, "कसा वाटला वं?"

"लय चांगला. त्यायच्यात रांडमुंड बाईले बी नाचू देतात."

तो पेंगत होता. त्यानं नुसतं "हूं" केलं. भावानं हेच दाखवायला नेलं होतं असं समजून त्या एका हुंकारावर ती महिनाभर पोटभर जेवली.

धुळवडीला डफडं वाजलं आणि कमलीबाई सरळ फेरात शिरली. दोन पावलं टाकली, तिसरं टाकलं. शेजारच्या बायांनी हात सोडले. डफडं थांबलं. कोणी शिवी दिली असती तरी बरं वाटलं असतं तिला. तांड्याचा म्हातारा नायक हळूच म्हणाला, "पोरी, घरी जाय."

घरी धरमसिंग कडाडला, "काहून केलं असं?"

"त्या सिनेमातल्या बाईचे बी दंड मोकळेच होते नं!"

धरमसिंग म्हणाला, "अवं, मेमा चुडा घालतच नाईत. ते कुवारी होती. आपून उठून आलो, मंग शेवटी लगन लागलं तिचं. थांबलेल्या लोकायनं सांगतलं मले."

बाहेर डफडं पुन्हा सुरू झालं. कमलीबाईनं दार लोटून घेतलं.

"मंग कायले नेलं होतं मले?" ती म्हणाली.