गिऱ्हाईक खोटं बोलतं

नागनाथ संकपाळ बिघडलेले कॉम्प्युटर जितक्या सफाईने दुरुस्त करायचा, तितक्याच सफाईने चांगली माणसं बिघडवायचा. बंगळूरच्या मल्लेश्वरममध्ये एका घराच्या गॅरेजात त्याचं दुकान होतं आणि मागच्या दोन खोल्यांत तो, बायको महानंदा आणि म्हातारी आई गंगव्वा असा संसार. मूळचा निपाणीचा. रेडिओ-टीव्हीचा डिप्लोमा करून बंगळूरला आला, इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या एका कंपनीत चिकटला आणि काही वर्षांनी मॅनेजरच्या टेबलावर ओळखपत्र आपटून बाहेर पडला. का, तर मॅनेजर त्याला 'जरा हळू बोल' म्हणाला होता.

धंद्यात कुठे कुठे माणूस गोत्यात येतो ते मात्र त्याला पुरतं ठाऊक होतं. उधारी नाही. 'मशीन उद्या देतो' असा शब्द द्यायचा नाही. बेळगाव-चिकोडीकडचा गाववाला आला तरी सूट नाही. आणि मालकासमोर उघडून दाखवल्याशिवाय मशीन ठेवून घ्यायचं नाही, कारण नंतर 'यातली मेमरी तुम्हीच काढलीत' म्हणून अंगावर येणारे कमी नव्हते. हे सगळं शहाणपणाचंच होतं. पण त्याच्या मुळाशी नागनाथची एक पक्की समजूत होती, की गिऱ्हाईक खोटं बोलतं, आणि ते पकडून दाखवणं हे आपलं कामच आहे. एका वकिलाच्या कीबोर्डमधून कॉफी निघाली, तर याने तो कीबोर्ड चार लोकांदेखत त्याच्या नाकाखाली धरला आणि 'घ्या, वास घ्या' म्हणाला. वकिलाने मुकाट्याने पैसे दिले आणि पुन्हा त्या गल्लीत पाऊल टाकलं नाही. नागनाथला वाटलं, जिंकलो!

मग शहाण्णव साली गल्लीच्या तोंडाशी दुसरं दुकान उघडलं. काचेचं दार, टाय लावलेली पोरं, आलेल्याला खुर्ची आणि पाणी. कामात ती पोरं यथातथाच होती, पण लोक तिकडे वळले. नागनाथ दिवसभर स्टुलावर बसून त्या पोरांना शिव्या घालायचा.

"त्यास्नी शिव्या देऊन काय हुतंय?" महानंदा म्हणायची. "तोंडाला कुलूप लावा, न्हाईतर शटरला लागंल."

शटरला कुलूप लागायची वेळ खरंच आली होती. अशात बसवनगुडीतल्या मुलींच्या एका शाळेकडून निरोप आला. शाळेतल्या सगळ्या कॉम्प्युटरांची वर्षभराची देखभाल कुणाला द्यायची, ते तिथल्या सावित्रीबाई ठरवणार होत्या. बाई मराठी, पण पिढ्यान्‌पिढ्या बंगळूरच्या. आधी एक मॉनिटर पाठवते, काम बघते आणि मग ठरवते, असं त्यांनी कळवलं होतं. हे काम मिळालं तर दुकान राहणार होतं, नाहीतर इलेक्ट्रॉनिक सिटीत कुणाच्या तरी हाताखाली परत जायचं होतं. घरात दुसरा विषयच उरला नाही. देवासमोर बसलेली गंगव्वासुद्धा पुटपुटताना मधेच 'शाळा' म्हणायची.

शाळेचा शिपाई शिवाप्पा ऑटोतून मॉनिटर घेऊन आला तो खंडेनवमीच्या आदल्या दिवशी. नागनाथने तो लावून पाहिला. चित्र थरथरत होतं. नेमानुसार तो बाईंसमोर उघडायला हवा होता, पण एवढ्या मोठ्या गिऱ्हाइकाला 'तुम्ही स्वतः या' म्हणायची त्याची छाती झाली नाही. मॉनिटर तसाच ठेवून घेतला. नेम मोडला तो नेमका तिथेच.

खंडेनवमीला, म्हणजे बंगळूरच्या आयुधपूजेला, सगळं शहर यंत्रांना हार घालत होतं. ऑटोंना केळीचे खांब बांधलेले, चौकाचौकांत कुंकू भरलेले कोहळे फोडलेले. नागनाथला हे थेर मान्य नव्हते. मशीनजवळ पाण्याचा थेंब येता कामा नये, असं घरात बजावून त्याने दुकान बंद ठेवलं आणि दुपारी जेवून ताणून दिली.

दसरा झाल्यावर, नागनाथने मॉनिटरला हात लावायच्या आतच, सावित्रीबाई स्वतः आल्या. नागनाथने नवा शर्ट घातला होता. खुर्ची पुसून दिली आणि बिघाड दाखवायला मॉनिटरचं बटण दाबलं. आत फट्‌कन आवाज झाला आणि जळका वास सुटला.

त्याने वायर उपटली, मागचं झाकण काढलं आणि त्याचा चेहराच बदलला. आत सगळं चिकट झालं होतं. कुंकवाचा लगदा होता, नारळाचा आंबूस वास येत होता आणि तळाशी शेवंतीची पाकळी पडली होती.

"मॅडम, तुम्ही पूजा केलीत की अभिषेक?"

"आमच्याकडचं नाही हो ते," बाई म्हणाल्या. "हा मॉनिटर पूजेच्या आधीच तुमच्याकडे आला ना?"

"मग गेल्या वर्षीचं असेल."

बाईंनी पाकळी चिमटीत उचलली. "गेल्या वर्षीची शेवंती अजून ओली आहे का?"

ओलीच होती. नागनाथलाही ते दिसलं होतं. पण एकदा सुटलेलं तोंड त्याला आवरता येत नसे. "तर मग तुमच्या शिपायाने वाटेत काहीतरी केलं असेल. घाण तुम्ही करायची आणि निस्तरायला आम्ही. शाळा असो की कोर्ट, सगळे सारखेच!"

"शिवाप्पाचं नाव घेऊ नका," बाईंचा आवाज चढला.

"त्या शिपायाला बोल नगा लावू, बाई."

आतल्या दारात गंगव्वा चहा घेऊन उभी होती. "नारळ म्या फोडला. ह्यो निजला हुता, किल्ली खिळ्याला हुती. समद्या मशीनींस्नी कुंकू लावलं. तुमच्या शाळंच्यावर मातर नारळ वाढवला. म्हटलं, ह्येच्यावर माझ्या लेकाचं पोट हाय. पानी सांडलं ते पदरानं पुसलं बी. आत गेलं आसंल, मला म्हातारीला कुठलं कळतंय?"

बिघाड खरं तर फार मोठा नव्हता. आतला एक भाग बदलायचा आणि बाकीचं धुऊन वाळवायचं, एवढंच काम. नागनाथने हात जोडले असते, 'चुकलं' म्हटलं असतं, तर काम तिथल्या तिथे पदरात पडलं असतं. सावित्रीबाईंना हसूही यायला लागलं होतं. पण आपण शेजारच्या दुकानापर्यंत ऐकू जाईल असं ओरडलो आणि चूक आपल्याच घरची निघाली, हे नागनाथच्या घशाखाली उतरेना.

"आये, खोटं बोलू नगंस," तो म्हणाला. "दुकानात तू पाऊलसुदीक ठेवलं न्हाईस त्या दिशी."

गंगव्वा त्याच्याकडे बघत राहिली. मग मान खाली घालून बाईंना म्हणाली, "व्हय बाई. खोटंच बोलले. म्हातारपनात काय ध्येनात ऱ्हात न्हाई."

सावित्रीबाईंचं हसू मावळलं. त्यांनी गंगव्वाच्या हातातला कप घेतला, चहा सावकाश संपवला. "सरी, अव्वा, ठीक आहे. चहा छान झाला," असं म्हणून त्या नागनाथकडे वळल्या. "मॉनिटर बांधून ऑटोत ठेवा."

"मॅडम, संध्याकाळपर्यंत देतो. पैसे नकोत." आयुष्यात कधी न बोललेली दोन्ही वाक्यं तो एका दमात बोलून गेला.

"नको. गल्लीच्या तोंडाशी त्या दुकानात दाखवते."

दिवाळीनंतर शटर उतरलं. नागनाथ पुन्हा इलेक्ट्रॉनिक सिटीत जायला लागला आणि तिथे हळू बोलायलाही शिकला. त्या दिवसाचा विषय गंगव्वाने कधीच काढला नाही. फक्त घरातल्या कशालाही हात लावायच्या आधी ती त्याला विचारायला लागली. तांब्या घेऊ का? दिवा लावू का? "घे की, इचारतीस काय!" म्हणून तो रोज खेकसायचा आणि दुसऱ्या दिवशी ती तांब्यापाशी उभी राहून पुन्हा विचारायची.