मुकादमाचे पांढरे शर्ट
ओल्या तांबड्या मातीचा वास आला की मला मुकादमाचे पांढरे शर्ट आठवतात. जांबोटीच्या अलीकडे आमच्या गावात तेव्हा बॉक्साइटची खाण चालू होती. माणसं, बैल, दारातली तुळससुद्धा तांबडी. पांढरा तेवढा तो एकटाच. एका दुपारी आई दगड फोडून त्याच्या शेडच्या सावलीत भाकरी खायला बसली, तर त्यानं फडक्यासकट भाकरी लाथेनं चिखलात उडवली. "सावली काय तुझ्या बापाची हाय व्हय गं?" आईनं भाकरी उचलली, पदरानं पुसली आणि उन्हात बसून खाल्ली. मी सात वर्षांची होते. शेडमागं दोरीवर त्याचे तीन शर्ट वाळत होते आणि दुसऱ्या दिवशी बेळगावहून साहेब यायचे होते. त्या मातीचा डाग जन्मात निघत नाही, हे आमच्याकडं पोरासोरांनाही ठाऊक. मी तिन्ही शर्टांना दोन्ही हातांनी चिखल चोळला. तो बोंबलत आला तेव्हा आईनं माझी तांबडी नखं पाहिली, मला पदराआड ओढलं आणि म्हणाली, "माकडं आल्ती, अण्णा. लई माजल्यात." आता खाण बंद आहे. खड्ड्यात पाणी साठलंय, लोक फोटो काढायला येतात, आणि फाटकाजवळ गावाच्या इतिहासाचा फलक लावलाय. त्यावर तोच, पांढऱ्या शर्टात हसतोय मेला. मी वर्षातून एकदा तरी जातेच. परवा राखणदार वैतागून म्हणाला, "आक्का, ह्या फोटोला चिखल कोण फासतंय, कळंना झालंय." मी हात पाठीमागं घेतले आणि म्हटलं, "माकडं असतील. लई माजल्यात."