पारूबाईंच्या वडिलांविषयी

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलाला नाही. ज्यांच्याबरोबर रोज सकाळी नदीकाठी फिरायला जातो त्या मित्रांना तर नाहीच — त्यांना सांगितलेली गोष्ट चहा गार व्हायच्या आत तीन पेठांत पोचते. तुम्हाला का सांगतोय? खरं सांगू, मलाही नीट माहीत नाही. तुमचा चेहरा मला दिसत नाही, हे एक कारण असेल.

आधी मी कोण ते सांगतो. शनिवार पेठेत राहणारा निवृत्त शिक्षक. शाळेत इतिहास शिकवला, आणि जवळजवळ वीस वर्षं आमच्या गणेश मंडळाच्या जिवंत देखाव्यांच्या संहिता लिहिल्या. देखावा म्हणजे पंधरा मिनिटांचं नाटकच. संवाद आणि संगीत आधी ध्वनिमुद्रित करायचं, मग मंडळाचे कार्यकर्ते पोशाख चढवून त्यावर ओठ हलवतात. संध्याकाळपासून दर अर्ध्या तासाला तोच खेळ, रस्त्यात उभ्या असलेल्या गर्दीसमोर. पेठेत इतिहासावरून वाद निघाला की लोक म्हणायचे, "मास्तरांना विचारा." मला ते आवडायचं. फार आवडायचं — हे आत्ताच कबूल करतो, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल.

पंधरा-सोळा वर्षांपूर्वीची गोष्ट. त्या वर्षी विषय आमच्याच बोळातला निवडला होता. चलेजावच्या दिवसांत इथल्या एका खोलीत तीन तरुण चोरून पत्रकं छापायचे. एक दिवस पोलीस आले आणि तिघांनाही घेऊन गेले. त्यातला एक तुरुंगातच वारला. पोलिसांना कुणी सांगितलं, हे मात्र शेवटपर्यंत कुणाला कळलं नाही. तिघांच्याही घरचे लोक आजही आमच्या मंडळात आहेत, वर्गणी देतात, आरतीला पुढे उभे राहतात.

आता पारूबाई. मंडईत लिंबं, मिरच्या, आलं, कोथिंबीर विकायच्या. मी त्यांचं नेहमीचं गिऱ्हाईक. वय सत्तरीच्या पुढे, आवाज मात्र असा की पलीकडच्या गाळ्यावरचा माणूस दचकावा. कोथिंबिरीच्या जुडीवरून घासाघीस केली की म्हणायच्या, "मास्तर, तुमी पोरांना मार्क बी असंच कापून देता का?" मी देखाव्याचा विषय काढला तेव्हा त्यांचा हात तागडीवरच थांबला. म्हणाल्या, "माझा बाप बी व्हता त्यात. कुनी नाव घेत न्हाई."

आणि त्यांनी मला सगळं सांगितलं. त्यांचे वडील म्हादू. आमच्याच बोळाच्या तोंडाशी त्यांचं भाड्याच्या सायकलींचं दुकान होतं. आठ सायकली. छापलेली पत्रकं ते सीटच्या कातड्याखाली दडवायचे, आणि ज्या सायकलीत पत्रकं असतील तिच्या घंटीची वाटी काढून ठेवायचे. ती खूण. ठरलेला मुलगा यायचा, बिनवाटीच्या घंटीची सायकल तासाच्या भाड्याने घ्यायचा आणि निघून जायचा. धाड पडली तेव्हा पोलिसांनी म्हादूलाही उचललं. दोन दिवस चौकीत ठेवलं. उजव्या हाताची दोन बोटं मोडली. त्यांनी तोंड उघडलं नाही, दुकानात काही सापडलं नाही, म्हणून सोडून दिलं. पण त्या हाताने पुन्हा पाना धरता आला नाही. दुकान गेलं. म्हादू मंडईत हमाली करू लागले आणि पारू दहा वर्षांची व्हायच्या आत गेले. हे सगळं पारूबाईंना त्यांच्या आईने सांगितलेलं.

"नाव घ्या त्याचं," त्या म्हणाल्या. "येवढंच." आणि पिशवीत मूठभर मिरच्या जास्त टाकल्या.

मी घेतलं नाव. घेतलं — ऐका.

मंडळाची बैठक होती. संहिता तीन आठवडे अडकलेली. अध्यक्ष मला सगळ्यांसमोर चिमटे काढत होते: "मास्तर, तीन पोरं छापतात, पोलीस येतात, धरून नेतात. यात बघायचं काय? लोक उभ्या उभ्या झोपतील." पंधरा-वीस जण हसले. मला लागलं ते. मग मी म्हादूची हकिगत सांगायला घेतली. आठ सायकली, सीटखालची पत्रकं, बिनवाटीची घंटी. सगळे कान देऊन ऐकायला लागले. दोन दिवस चौकीत होता, मग सोडलं, असंही सांगितलं. अध्यक्षांनी मांडीवर थाप मारली. "सोडलं? तिघं तुरुंगात आणि हा दोन दिवसांत घरी? अहो मास्तर, मग फितूर हाच की!"

सगळे माझ्याकडे बघत होते.

बोटं मी सांगितली नव्हती. का नव्हती? विसरलो असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. बोटांपर्यंत आलो होतो, तेवढ्यात अध्यक्ष बोलले, आणि त्यांच्या त्या एका वाक्यात मला अख्खा देखावा दिसला — अडलेला गाडा एका धक्क्यात सुटलेला. विश्वासातला माणूस, घंटीची खूण, तीच खूण फोडणारा तोच माणूस. आणि म्हादूच्या घरचं कुणी त्या बैठकीत नव्हतं. तिघा तरुणांचे पुतणे, नातू समोर चहा पीत बसले होते. म्हादूचं कोण होतं? मंडईत लिंबं विकणारी एक म्हातारी. हा हिशेब मी तेव्हा केला होता. डोळ्याची पापणी लवते ना, तेवढ्याच वेळात केला, पण केला.

"हो," मी म्हणालो. "तसंच आहे ते."

उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. आयुष्यभर पोरांना तोंड वर करून सांगत आलो, पुराव्याशिवाय बोलू नये. आणि वेळ आली तेव्हा कुंपणानेच शेत खाल्लं.

देखावा जबरदस्त झाला. तो खराच चांगला होता, हे सांगताना आजही मला आतून बरं वाटतं — बघा, माणूस किती निलाजरा असतो. आमच्या मंडळातले बँकेत नोकरी करणारे एक गृहस्थ पेटी आणि कीबोर्ड वाजवायचे. त्यांनी म्हादूच्या प्रवेशाला असे काही सूर लावले की तो एक अक्षर बोलायच्या आत लोकांना त्याची किळस यावी. पहिल्या दिवसापासून रस्ता फुलून गेला. मी बाजूला उभा राहून गर्दीकडे बघायचो. त्यात पेठेतले होते, उपनगरांतले होते, नागपूर-अमरावतीकडून शिकायला आलेली मुलं होती, हिंदीत बोलणारी कुटुंबं होती. एकमेकांचं नाव-गाव कुणाला ठाऊक नव्हतं. पण म्हादू इन्स्पेक्टरच्या कानाशी लागला की हे सगळे एकदम हुर्यो करायचे, आणि शेवटच्या समूहगीताला एका आवाजात घोषणा द्यायचे. माझ्या अंगावर काटा यायचा. वाटायचं, हाच आपला देश, ही हजार अनोळखी माणसं एका गोष्टीने एक झाली. त्यांना एक करायला मी कुणाला बाहेर काढलं होतं, ते मला ठाऊक होतं. त्यांना नव्हतं. मग दोष त्यांचा कसा म्हणू?

पारूबाई येणार नाहीत, असं मी धरून चाललो होतो. गणपतीत मंडईतलं कोण गाळा सोडून येतं? पण पाचव्या दिवशी त्या आल्या. नवं लुगडं, केसांत गजरा, बोटाला धरलेली सात-आठ वर्षांची नात. मागाहून कळलं, अख्ख्या मंडईला सांगून आल्या होत्या की माझ्या बापाचं नाव देखाव्यात घेणार आहेत. कार्यकर्त्यांनी म्हातारं माणूस म्हणून त्यांना अगदी पुढे उभं केलं. मी ध्वनिक्षेपकाच्या खांबाआड होतो.

निवेदकाचा आवाज घुमला: "बोळाच्या तोंडाशी होतं म्हादू सायकलवाल्याचं दुकान..." आणि पारूबाईंनी हात जोडले. नाव कानावर पडताच जोडले. नातीलाही खुणेने जोडायला लावले. पुढची तीन-चार मिनिटं ते हात तसेच होते. म्हादू इन्स्पेक्टरला घंटीची खूण सांगतो, मागची पोरं शिट्ट्या मारतात, कुणीतरी ओरडतं, "मारा त्याला!" — तरीसुद्धा तसेच. मला वाटतं, खाली घ्यायचं त्यांच्या ध्यानातच आलं नाही.

खेळ संपल्यावर त्या गर्दीतून वाट काढत माझ्यापाशी आल्या. अध्यक्ष शेजारीच होते, आणखी चार-पाच जण होते. पारूबाईंचा आवाज एवढा लहान मी कधी ऐकला नव्हता. "मास्तर, ह्ये खरं हाय?"

माझी पाचावर धारण बसली होती. तरी बोललो. "कागद आहेत, पारूबाई."

कागद नव्हते. एक चिटोरंही नव्हतं. पण तुम्हाला आमचं पुणं माहीत आहे ना? इथे कागद आहेत म्हटलं की वाद संपतो. शिकलेली माणसंही मान खाली घालतात. ज्या बाईला कागद वाचता येत नव्हता, तिच्याशी मी कागदाच्या जोरावर खोटं बोललो. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं, आता बोटांबद्दल विचारतील. विचारावं, असंही वाटलं — म्हणजे मला कबूल करावं लागेल. त्यांनी विचारलं नाही. म्हणाल्या, "कागदात हाय म्हंजी मग तसंच आसंल." नातीचा हात धरला आणि गेल्या.

देखाव्याला पहिलं बक्षीस मिळालं. पुढे एका शाळेने त्यावरून नाटुकलं बसवलं. आता तर जुनं पुणं फिरवून दाखवणारे लोक आमच्या बोळाशी थांबतात आणि खड्या आवाजात म्हादूची फितुरी सांगतात. दर पंधरा ऑगस्टला मोबाइलवर कुणी ना कुणी ती मला पाठवतंच, खाली झेंडा आणि जोडलेले हात. मीही उत्तरात झेंडा पाठवतो. दुसरं काय पाठवणार?

मंडईत जाणं मी बंद केलं. बायकोला सांगितलं, गुडघे दुखतात. पारूबाई तिच्याकडे माझी चौकशी करायच्या, म्हणे. शेजारच्या गाळ्यावरची बाई तिला एकदा म्हणाली, पारूबाई पूर्वी पंधरा ऑगस्टला गाळा बंद ठेवायच्या, वडिलांच्या फोटोला हार घालायच्या. आता त्या दिवशीही बसतात. बायकोने हे घरी येऊन सहज सांगितलं. मी पेपर वाचत होतो, वाचत राहिलो. त्या दिवशीही पाऊण तासात मंडईत जाऊन येता आलं असतं. पारूबाई, मी खोटं बोललो — चारच शब्द होते.

आता स्पष्टच लिहितो. म्हादू सायकलवाल्याने फितुरी केली असं म्हणायला कसलाही आधार नाही, कधीच नव्हता. त्यांच्याविषयी जी एकच साक्ष माझ्यापाशी होती ती त्यांच्या मुलीची, आणि त्या साक्षीप्रमाणे त्यांनी बोटं मोडून घेतली पण तोंड उघडलं नाही. ती साक्ष मी दाबली. तिच्यातली घंटी तेवढी उचलली.

तुम्हाला वाटेल, झालं, एवढंच. मलाही तसंच वाटत होतं, गेल्या वर्षीपर्यंत.

गेल्या वर्षी पारूबाई गेल्या. दहा-बारा दिवसांनी त्यांची नात माझ्या घरी आली. तीच, त्या दिवशी बोटाला धरलेली. स्नेहल तिचं नाव, खराडीला एका कंपनीत नोकरी करते. खुर्चीच्या कडेवर अवघडून बसली. मला वाटलं, ही शिकलेली आहे, कागद मागणार. 

"सर, ॲक्चुअली मी खूप लेट केला यायला," ती म्हणाली. "आजीने माझ्याकडून प्रॉमिस घेतलं होतं. तिला ते फार लागून राहिलं होतं. मंडईत तिने तुम्हाला तिच्या बाबांबद्दल काहीतरी चुकीचं सांगितलं होतं ना? ती म्हणायची, मास्तर एवढे शिकलेले, मला विचारायला आले आणि मी त्यांच्याशी खोटं बोलले. मुद्दाम नाही सर, तिला तिच्या आईने तसंच सांगितलं होतं. तिने तुमची माफी मागायला सांगितलीय."

बायको चहा ठेवून आत गेली. मी कप स्नेहलपुढे सरकवला. बोलायला दोघंच होतो, अध्यक्ष नव्हते, गर्दी नव्हती, कुणी हसणारं नव्हतं. आणि मी म्हणालो, "अगं, असू दे. होतं असं. माझ्या मनात काही नाही."

तिने सुटकेचा श्वास सोडला. म्हणाली, "थँक यू सर, आता आजीला बरं वाटेल."

म्हणजे पारूबाईंना मी माफ केलं.