मोतीबाईचं दूध

माझी सासू मोतीबाई. दहिवलीच्या पलीकडे आमची भातशेती, आणि लावणीत तिचा हात धरणारी बाई अख्ख्या आळीत नव्हती. तोंडानं फटकळ. म्हशीला शिव्या घालायला लागली की चार घरं पलीकडे ऐकू जायच्या. पण कुणाच्या बारशाला गेली की ही गप्प. दाराशी बसायची, नि घुगऱ्या घेऊन उठायची. बाळ तिच्या मांडीवर कुणी द्यायचं नाही.

का, ते मला लग्नानंतर आजेसासूनं सांगितलं. जनाबाई तिचं नाव. पान चघळत सांगत होती, जसं काही बाजारभाव सांगतेय.

"हिचं दूध इषारी गं. पयला पोरगा सखा, हिच्याच दुधानं गेला. मुंगी टाकून बघितलेली मी."

शी! आमच्यात तेव्हा तान्ह्या पोराला हगवण लागली की आईचं दूध वाटीत काढायचं आणि त्यात मुंगी सोडायची. मुंगी चालत बाहेर आली तर दूध चांगलं, मेली तर बाधणारं. सखाच्या वेळी, पंचावन्न-छप्पन साल असेल, मुंगी मेली. म्हातारीनं पोर ओढून घेतलं, फडक्याच्या बोळ्यानं पेज पाजत राहिली, आणि थोड्याच दिवसांत पोर गेलं. पुढे माझा नवरा गजा झाला. त्याला पहिल्यापासून शेळीच्या दुधावर ठेवला. तो जगला. झालं! म्हातारीचंच खरं ठरलं. ही गोष्ट ती पाहुण्यांना सांगायची, सुनेच्या देखत, सुनेनंच वाढलेलं जेवत. मला त्या बाईची किळस यायची, अजून येते. नि माना डोलावणाऱ्यांची त्याहून जास्त.

मग माझा पोशा झाला. दोन महिन्यांचा असेल, त्याला हगवण लागली. म्हातारी वाटी घेऊन हजर.

"काढ."

मी नवऱ्याकडे बघितलं. तो छपराकडे बघत बसला, नंदीबैल मेला! मी रडत रडत दूध काढलं. मुंगीनं जरा पाय हलवले नि ती थांबली.

"बघ! तुझंबी तसलंच," असं म्हणून म्हातारीनं पोशाला उचललं आणि मला चुलीवर पेज ठेवायला सांगितलं. पोर टाहो फोडतंय, इकडे माझी चोळी भिजतेय.

मोतीबाई तेवढ्यात म्हशीची धार काढून आत आली. चरवी हातात. तिनं वाटीत बघितलं, माझ्याकडे बघितलं. वाटी रिकामी केली, धुतली, त्यात म्हशीचं दूध ओतलं आणि भिंतीवरची एक मुंगी चिमटीत धरून आत टाकली. बुडाली. दुसरी टाकली. तीही बुडाली.

"आत्याबाई, ह्ये दूध तुमी रोज पेलाभर पिता. मेलात का?"

म्हातारीनं काय म्हणावं? "म्हशीला नजर लागली आसंल."

बाई गं! हसावं की थुंकावं, तेच कळेना.

मोतीबाईनं पोर तिच्या हातातून हिसकावलं आणि माझ्या मांडीवर दिलं. "पाज त्याला. आन गजा, ऊठ, टांगा बघ. कर्जतला डाक्टरकडं जायचं हाय." गजा उठला, एकदाचा. डॉक्टरनं औषध दिलं आणि अंगावरचं दूध अजिबात तोडू नको म्हणून बजावलं. आठवड्याभरात पोशा खडखडीत बरा झाला. म्हातारीनं आळीत सांगितलं, मी दृष्ट काढली म्हणून पोर वाचलं.

ते ऐकून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मागीलदारी मोतीबाई भांडी घासत होती, तिला जाऊन सांगितलं. वाटलं, आता ही म्हातारीचा उद्धार करील. पण ती घासायची थांबली.

"शकू, सखा दुधानं नाय गेला गं. भुकंनं गेला. आतल्या खोलीत रडत व्हता, आन मी भरल्या छातीनं हितं बसून दूध राखंत पिळत व्हते."