निरोगी पेशी वाटेतच मरत होत्या

कंट्रोल पुन्हा मेला होता.

दुबईच्या त्या लॅबमध्ये आमची विद्यार्थिनी सानिका मशीनच्या स्क्रीनकडे बघत होती आणि मी सानिकाकडे. स्क्रीनवर प्रत्येक पेशीचा एक ठिपका दिसतो. जिवंत पेशींचे ठिपके खाली डाव्या कोपऱ्यात जमतात, मरू घातलेल्या पेशींचे उजवीकडे सरकतात. आमच्या निरोगी पेशींचा अख्खा घोळका उजवीकडे निघाला होता. त्यांना आम्ही औषधाचा थेंबही दिलेला नव्हता.

"आंटी, I swear, मी काहीच वेगळं केलं नाही," सानिका म्हणाली.

"मला माहीत आहे. मी शेजारीच उभी होते ना."

मी मार्था मिस्किटा, मूळची वसईची. शारजाच्या एका कॉलेजच्या कॅन्सर लॅबमध्ये लॅब मॅनेजर होते. पेशी वाढवणं, त्यांना वेळेवर खायला घालणं, इनक्युबेटर बिघडला की कंपनीच्या माणसाच्या मागे लागणं, ही माझी कामं. सगळे मला आंटी म्हणायचे. आमचे बॉस डॉ. हातिमसुद्धा रागावले नसले की आंटीच म्हणायचे. रागावले की 'मिसेस मिस्किटा'.

आमचं काम काय होतं ते थोडक्यात सांगते. आपल्या शरीरातली पेशी म्हातारी झाली किंवा बिघडली की ती आपण होऊन मरते. त्याचा कार्यक्रम तिच्या आतच लिहिलेला असतो. ती आपलं सामान बांधते, लहान लहान तुकडे होऊन जाते, शेजारच्या पेशींना त्रास होत नाही. याला अपॉप्टोसिस म्हणतात. कॅन्सरची पेशी हा कार्यक्रम बंद पाडते. बिघडते, पण मरत नाही. आम्ही एक औषध तपासत होतो. कॅन्सरच्या पेशीतला बंद पडलेला कार्यक्रम ते पुन्हा चालू करेल आणि निरोगी पेशीला हात लावणार नाही, अशी आशा होती. म्हणून दोन्ही जातीच्या पेशी आम्ही शेजारी शेजारी वाढवत होतो. त्यातल्या काहींना औषध द्यायचं, काहींना नाही. ज्यांना दिलं नाही तो कंट्रोल. आता कंट्रोलच मरत असेल, तर बाकीच्या पेशी औषधाने मेल्या हे कोणत्या तोंडाने सांगणार?

मरणाऱ्या पेशी मोजायचं मशीन आमच्याकडे नव्हतं. ते दुबईच्या एका लॅबमध्ये होतं आणि तिथे आम्हाला आठवड्यातून एकदा छोटासा स्लॉट मिळायचा. त्यामुळे डॉ. हातिमनी नियमच केला होता की सगळी तयारी शारजातच करायची. सकाळी पेशी फ्लास्कच्या तळापासून सोडवायच्या, ट्यूबमध्ये भरायच्या, गरम डब्यात ठेवायच्या आणि निघायचं. तिथे पोचल्यावर फक्त रंग घालायचा आणि मशीनमध्ये सोडायचं. प्रवासाला निघताना आपण घरूनच पोळीभाजी बांधून घेतो, त्यातलाच प्रकार. मला तो नियम फार शहाणपणाचा वाटायचा.

परत आल्यावर डॉ. हातिमनी आम्हाला केबिनमध्ये बोलावलं. मिसेस मिस्किटा म्हणून बोलावलं, तेव्हाच मी ओळखलं.

"सानिकाच्या आधी, उन्हाळ्यात, करीमने हेच एक्सपेरिमेंट केलं," ते म्हणाले. "सेम पेशी, सेम प्रोटोकॉल, सेम मशीन. त्याचा कंट्रोल जिवंत होता. बदललं काय? फक्त हात बदलले."

लॅबमध्ये एखाद्याला 'बॅड हँड्स' म्हटलं की खलास. ते विशेषण पाठ सोडत नाही. पुढे त्याने केलेलं चांगलं कामही लोक दोनदा तपासतात.

"सर, अजून एक चान्स," ती म्हणाली.

"पुढचा स्लॉट. तोही असाच आला तर प्रोजेक्ट दुसऱ्याला देणार. मी किती थांबू?"

डॉ. हातिम वाईट माणूस नव्हते. त्यांच्यावरही वरून दबाव होता. पण त्यांना जे माहीत नव्हतं ते मला माहीत होतं. सानिकाच्या बाबांचं शारजा औद्योगिक क्षेत्रातलं वर्कशॉप बंद पडलं होतं. आईबाबा गाशा गुंडाळून नाशिकला निघाले होते. बाबांचा व्हिसा संपला की तिचाही संपणार होता. ती राहू शकत होती ती फक्त कॉलेजच्या व्हिसावर, आणि प्रोजेक्ट गेला तर कसलं कॉलेज आणि कसला व्हिसा? मुलगी शारजात जन्मलेली, अल कुसैसच्या शाळेत शिकलेली. मी तिला एकदा विचारलं होतं, "नाशिकला गेलीस तर काय करशील?"

"आंटी, मी तिथे फक्त vacation ला गेलेय. मला तिथे रस्तासुद्धा cross करता येत नाही."

ती हसत म्हणाली होती. मला हसू आलं नव्हतं.

पुढच्या स्लॉटच्या दिवशी मीच गाडी काढली. सानिकाने पेशी सोडवल्या तेव्हा मी तिच्या खांद्यावरून बघत होते. हात म्हणाल तर इतके हलके, की मीच तिला शिकवलं याचा मला अभिमान वाटावा. डबा मांडीवर घेऊन ती बसली आणि अल नहदाच्या आधीच आम्ही जॅममध्ये अडकलो. शारजाहून दुबईला कामाला जाणाऱ्यांना हा जॅम काही नवा नाही. घरभाडं शारजात स्वस्त, नोकरी दुबईत, मग सकाळी सगळं जग त्याच रस्त्यावर. लोक गाडीत दाढी करतात, नाश्ता करतात. मागच्या गाडीतल्या बाईची तर अख्खी वेणी घालून झाली.

आज वसईत बसून मला त्या जॅमची आठवण येते, हे कोणाला सांगितलं तर वेड्यात काढतील. पण खरंच येते. एसीचा आवाज, डाव्या हाताला कडकडीत ऊन, थर्मासमधला कडक चहा आणि शेजारी बसलेली ती पोरगी, माझ्या मराठी प्रश्नांना इंग्रजीत उत्तरं देणारी. माझ्या स्वतःच्या मुलाशीही मी कधी इतक्या निवांत गप्पा मारल्या नाहीत.

त्या दिवशी मात्र तिचं सगळं लक्ष मांडीवरच्या डब्याकडे होतं. डब्यावर बोट ठेवून म्हणाली, "आंटी, weird आहे ना? मेल्या त्या फक्त healthy वाल्या. Cancer वाल्या एकदम chill."

"म्हणजे?"

"म्हणजे control मध्ये. दोघींना औषध नाही. सेम box, सेम गाडी. Cancer वाल्यांचा control दर वेळी fine असतो. माझे hands bad असते तर त्यापण मेल्या असत्या ना?"

मी पुढच्या गाडीच्या लाल दिव्यांकडे बघत होते. एकच डबा, एकच जॅम. निरोगी मरतात, कॅन्सरच्या तगतात. आणि मग मला माझीच लाज वाटली, कारण हा धडा मी दर वर्षी नव्या मुलांना शिकवत होते.

निरोगी पेशी कशाला तरी धरून जगते. शरीरात तिच्या खाली एक पडदा असतो, शेजारी तिच्या जातीच्या पेशी असतात. लॅबमध्ये ती फ्लास्कच्या तळाला धरून बसते. तिला तिथून सोडवून नुसत्या द्रावणात तरंगत ठेवलं, की तिला कळतं, आपण आपल्या जागेवर नाही. थोडा वेळ ती वाट बघते. परत धरायला काही मिळालं नाही, की मरणाचा कार्यक्रम सुरू करते. शरीराची ही फार शहाणी सोय आहे. जागा सोडलेल्या पेशीने भलतीकडे जाऊन बिऱ्हाड थाटू नये म्हणून. कॅन्सरची पेशी नेमकं हेच मानत नाही. ती सुटते, रक्तातून वाहत जाते आणि दिसेल तिथे मुक्काम ठोकते. म्हणून तर कॅन्सर पसरतो.

आम्ही निरोगी पेशींना सकाळीच जागेवरून उठवत होतो आणि जॅम सरेपर्यंत, मग मशीनवर आपला नंबर लागेपर्यंत, अधांतरी ठेवत होतो. वर त्या सुखात राहाव्यात म्हणून डबा गरम, म्हणजे मरणाचा कार्यक्रम आणखी वेगात. पेशी कशी मरते हे शोधायला निघालेली आम्ही माणसं, ते मरण मांडीवर घेऊन बसलो होतो.

"सानिका, करीम मशीनवर कधी जायचा?"

"Summer मध्ये. July, August."

"तेव्हा रस्त्यावर कोण असतं?"

तिने माझ्याकडे वळून पाहिलं. तिकडच्या उन्हाळ्यात शाळा बंद असतात, निम्मे लोक गावाला जातात, शारजा ते दुबई रस्ता मोकळा असतो. करीम चहा गार व्हायच्या आत पोचत असणार. सानिकाने काम घेतलं आणि शाळा उघडल्या.

"So basically त्या traffic मध्ये मेल्या?"

"ट्रॅफिकमध्ये नाही गं. जागा सुटली म्हणून मेल्या."

ती खूप हळू, आणि चक्क मराठीत म्हणाली, "मग बरोबरच आहे त्यांचं."

पुढच्या एक्झिटला मी गाडी वळवली. सानिका घाबरली. "आंटी, slot! सर will kill me."

"सरांना मी बघते. यल्ला, परत चल."

हाताशी असलेला स्लॉट सोडला म्हणून डॉ. हातिम केबिनमधून ओरडतच बाहेर आले. मी त्यांना म्हटलं, "डॉक्टर, मला दुपारपर्यंत वेळ द्या. मग हवं ते बोला."

आम्ही ताज्या निरोगी पेशी घेतल्या. निम्म्या फ्लास्कमध्ये तळाला धरून बसलेल्याच ठेवल्या. निम्म्या सोडवून ट्यूबमध्ये घातल्या आणि गरम डब्यात ठेवल्या, पण डबा आमच्याच टेबलावर. गाडी नाही, रस्ता नाही, काही नाही. जॅमला आणि नंबर लागायला जितका वेळ जायचा तितका जाऊ दिला. मग फ्लास्कमधल्याही सोडवल्या आणि दोन्हींत निळा रंग घातला. हा रंग जिवंत पेशीत शिरत नाही. मेलेली पेशी निळी होते. मशीनइतकं बारीक कळत नाही, पण डोळ्यांना दिसतं.

डॉ. हातिमनी आधी फ्लास्कवाल्या पेशी बघितल्या. स्वच्छ, चमकदार. मग ट्यूबवाल्या. मायक्रोस्कोपवरून त्यांनी डोळा बराच वेळ काढला नाही. निळ्या ठिपक्यांची तिथे जत्रा भरली होती.

"हे पुस्तकात आहे," शेवटी ते म्हणाले. "मीच शिकवतो."

"मीपण, डॉक्टर."

ते सानिकाकडे वळले. "तुझे हात चांगले आहेत. तुझा रस्ता वाईट आहे." मग मला म्हणाले, "आंटी, काय करायचं?"

मी म्हटलं, पेशी सोडवायच्याच नाहीत. फ्लास्क काठोकाठ खाद्याने भरायचा, बूच घट्ट लावायचं आणि धरून बसलेल्या पेशी तशाच न्यायच्या. सोडवायच्या त्या तिकडे, मशीनच्या शेजारी. त्यासाठी दुबईच्या लॅबने आम्हाला त्यांचं टेबल वापरू द्यायला हवं होतं. डॉ. हातिमनी तिथल्या तिथे फोन लावला. पाच-सहा वेळा हबीबी, दोन-तीनदा इन्शाल्ला, आणि टेबल मिळालं.

पुढच्या आठवड्यात जॅम तितकाच होता. सानिकाने फ्लास्क मांडीवर आडवे धरले होते, तान्ह्या बाळासारखे. स्क्रीनवर निरोगी पेशी खाली डाव्या कोपऱ्यात शहाण्यासारख्या बसून होत्या. सानिकाने माझा हात इतका घट्ट दाबला की अंगठी रुतली.

मग औषध दिलेल्या पेशींचा नंबर आला. कॅन्सरच्या थोड्या मेल्या होत्या. निरोगीही जवळपास तितक्याच मेल्या होत्या. म्हणजे औषध कुचकामी होतं. त्याला आपलं-परकं कळत नव्हतं. कंट्रोल मरत राहिला असता, तर हे आम्हाला कधी दिसलंच नसतं.

सानिकाचा थिसिस त्याच निकालावर झाला. औषध चालत नाही हे तिने नीट सिद्ध केलं. डॉ. हातिमनी तिला पुढच्या प्रोजेक्टवर स्वतःहून घेतलं आणि कॉलेजने व्हिसा वाढवला. आईबाबा गेले, ती राहिली. मी रिटायर झाले आणि माझा व्हिसा संपला. एअरपोर्टवर सोडायला तीच आली होती, मी अर्धं आयुष्य काढलं त्या गावातून, तिच्या गावातून, मला निरोप द्यायला.

हल्ली ती स्वतः नव्या मुलांना शिकवते. परवा तिचा फोन आला होता. एका मुलाचा कंट्रोल मेला म्हणून सगळे त्याला हसत होते.

"मग तू काय म्हणालीस?"

"काही नाही. म्हटलं, आधी मला सांग, तू हा कुठून कुठे नेलास?"

एवढाच धडा आहे. पेशी मेली की माणसाचे हात बघण्याआधी ती कोणत्या वाटेने आली ते बघावं.