सगळ्यांचा एकच टॉवेल

मैलापूरच्या त्या वृद्धाश्रमात पाणी पिताना पेल्याला ओठ लावायचा नाही, वरून ओतायचं. पहिल्याच दिवशी माझा चुकून लागला, तर तिथल्या व्यवस्थापक बाई "एच्चिल, एच्चिल" करत धावत आल्या. एच्चिल म्हणजे तमिळमध्ये उष्टं. पेला लगेच घासायला गेला. मला उलट बरंच वाटलं. एवढं कडक सोवळं, म्हणजे स्वच्छताही तेवढीच कडक असणार, असं मी धरून चालले.

नवरा ओरगडमच्या कारखान्यात, माझीही दिवसभराची नोकरी. म्हणून मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर आईला महिनाभर तिथे ठेवलं. तिचा एक डोळा काचबिंदूने आधीच गेलेला. सगळी भिस्त या उरलेल्या डोळ्यावर. डॉक्टरांनी बजावलं होतं, डोळ्याला पाणी नको आणि कुणाचा हात नको. मी ते बाईंना दोनदा सांगितलं.

"काळजी करू नका अम्मा," त्या म्हणाल्या, "आंघोळ केल्याशिवाय आमच्याकडे कुणी कशाला शिवत नाही."

एका रविवारी सकाळीच गेले. पूजेआधी सगळ्यांची तोंडं पुसायची, असा तिथला नेम. आयाबाई नुकत्या न्हालेल्या, केस अजून ओले. पण बादली एक आणि टॉवेलही एकच. पहिल्या खाटेवरच्या आजींचे डोळे लाल, चिपडांनी चिकटलेले. ते पुसले, टॉवेल बादलीत बुचकळला, पिळला, की पुढची खाट. हातातले रबरी मोजेही तेच. मी ओरडेपर्यंत आईचा डोळा पुसून झाला होता.

माझं डोकंच फिरलं. पेला प्रत्येकीचा वेगळा, मग टॉवेल एक कसा, असं मी बाईंना विचारलं.

"टॉवेलला कसलं एच्चिल? तो काय तोंडात घालतात?" बाई हसल्या. "आणि मद्रास आय काय, येतो नि जातो."

डोळे येण्याला इथे मद्रास आय म्हणतात. जणू ते या शहराच्या हवेतून येतात, कुणाच्या हातून नाही!

आईला त्याच दिवशी घरी आणलं, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. डोळा सुजला, आत पू झाला. इंजेक्शनं झाली, दवाखान्याच्या खेपा झाल्या, पण नजर गेली ती गेलीच. आयाबाईंवर माझा राग नाही, त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं. राग आहे तो बाईंवर. प्रत्येकीच्या ओठांवर पहारा ठेवायला त्यांना वेळ होता, आणि एक टॉवेल बदलायला नव्हता. आजही ते आठवलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

राहिलेलं सामान आणायला गेले, तेव्हा बाईंनी आईचा पेला लखलखीत घासून हातात दिला. "याला कुणाचंही तोंड लागलेलं नाही," असं अभिमानाने सांगितलं.

घरी तो आईला दिला. तिने कडेवर कोरलेलं आपलं नाव बोटांनी चाचपलं आणि विचारलं, "स्वच्छ घासलाय ना गं? मला दिसत नाही."