कोल्हापूरचा पाटील, जळगावचं वॉरंट

वकिलाच्या ऑफिसात नोकरी करणाऱ्या माणसाला किस्से गोळा करावे लागत नाहीत. ते आपापले येतात, खुर्चीत बसतात आणि आधी पाणी मागतात. मी जर्मनीत र्युसेल्सहाइमला फ्राऊ होल्त्समान नावाच्या वकीलबाईंच्या कान्झलायमध्ये, म्हणजे वकिली ऑफिसात, काम करते. त्यामुळे इथल्या कार कंपनीतल्या तमाम मराठी इंजिनियरांचे फोन मला येतात. सुरुवात ठरलेली: "वहिनी, सहज विचारतोय हं..." सहज कुणीही विचारत नसतं!

बरेचसे किस्से मी पार्ट्यांमध्ये सांगून सांगून झिजवलेत. पाटलांचा मात्र अजून झिजलेला नाही.

*

संजय पाटील, मूळचे कोल्हापूरचे, आमच्या ह्यांच्याच डिपार्टमेंटला. रस्ता रिकामा असला तरी पायी चालणाऱ्यांच्या लाल सिग्नलला उभे राहणारे गृहस्थ. एका शनिवारी ऑटोबानवर पोलिसांचं नेहमीचं चेकिंग चाललं होतं. पोलिसाने लायसन्स घेतलं, नाव टाकलं, आणि शांतपणे म्हणाला, "हेर पाटील, तुमच्या नावावर हाफ्टबेफेल आहे."

हेर म्हणजे मिस्टर. आणि हाफ्टबेफेल म्हणजे अटक वॉरंट!

पाटील इतके घाबरले, की म्हणाले, "डांके!" म्हणजे धन्यवाद!

पत्ता जुळत नव्हता, म्हणून बरीच फोनाफोनी झाली आणि "हे आधी निस्तरा" असं बजावून त्यांना सोडलं. पण सोमवारी पाटील धावत आमच्या ऑफिसात आले. कारण कोल्हापुरात आईची बायपास ठरली होती, आणि आईने हॉस्पिटलात जाहीर केलं होतं, "संजू आल्याबिगर मी टेबलावर चढायची न्हाई." एकुलता एक मुलगा. डॉक्टर म्हणत होते उशीर करू नका, आणि म्हातारी हटून बसलेली.

"एअरपोर्टवर माझा पत्ता कोण बघत बसणाराय, वहिनी?" पाटील म्हणाले. "धरतील आणि आत टाकतील. तिकडं आई माझी वाट बघत बसंल. काय करू सांगा की ओ!"

*

आमची माणसं सगळ्यात आधी विचारतात ते, "ऑनलाइन बघता येत नाही का?"

नाही येत! आपल्या नावावर वॉरंट आहे का, हे बघायची वेबसाइट इथे नाही. वकिलामार्फत चौकशी करा, त्याला वेळ लागतो. नाहीतर सरळ पोलीस स्टेशनात जाऊन विचारा. फक्त उत्तर 'हो' आलं, तर परत यायची सोय नाही.

पाटलांची बातमी पसरली आणि आमच्या मराठी मंडळात हाहाकार उडाला. ज्याने कधी चुकीच्या जागी गाडी लावली होती, त्याची झोप उडाली. जोशींना तर खात्रीच पटली, की आपल्यावरही वॉरंट आहे. शेवटी एका सकाळी ते स्वतःच पोलीस स्टेशनात गेले. सोबत बॅग. बॅगेत टॉवेल, बीपीच्या गोळ्या, दोन जोड कपडे आणि बायकोने दिलेल्या दशम्या!

पोलिसाने बघून सांगितलं, "तुमच्याविरुद्ध काहीही नाही."

जोशी म्हणाले, "नीट बघा ना!"

*

दरम्यान पोलीस चौकशीला पाटलांच्या घरी गेले. पाटील ऑफिसात, त्यांची बायको वैशाली बाजारात. घरी फक्त वैशालीची आई आणि पाटलांची सात वर्षांची मुलगी, जी मराठी सगळं समजते पण बोलते जर्मनच.

दारात दोन उंच युनिफॉर्मवाले बघून आजींनी पदर सारखा केला, आणि पहिलं काय केलं असेल, तर त्यांच्या बुटांकडे बोट दाखवलं. नातीने जर्मनमध्ये हुकूम सोडला. दोघांनी दारातच बूट काढले! मग सोफ्यावर बसवून चहा झाला, बेसनाचे लाडू पुढे झाले. त्यांनी लाडवाला हात लावला नाही, तसं आजींनी वाईट वाटून घेतलं.

वैशाली परत आली तेव्हा आजी खूष होत्या. "अगं, जावईबापूंचे मित्र आले होते ऑफिसातले. फार सालस मुलं. परत येतो अशी खूण करून गेलेत!"

वैशालीने दारातूनच मला फोन लावला.

*

इकडे फ्राऊ होल्त्समाननी कोर्टाकडून माहिती काढली. वॉरंट संजय पाटील याच नावावर, जन्मतारीखही हुबेहूब तीच, एक जून, सालसुद्धा तेच. फक्त पत्ता वेगळा. "आल्झो, असं बघा," त्या म्हणाल्या, "नाव सारखं असू शकतं. पण जन्मतारीखसुद्धा?"

मला हसू आलं आणि घामही फुटला. आता या बाईंना कसं समजावू, की आपल्या खेड्यापाड्यांत जन्मतारीख आई नाही, हेडमास्तर ठरवायचे! जूनमध्ये शाळा सुरू, म्हणून पोरगा एक जूनचा. आमच्या मंडळात पन्नाशीच्या आसपासच्या निम्म्या लोकांचा वाढदिवस एक जूनला असतो. केक परवडत नाहीत.

हे ऐकून पाटलांचा चेहरा उजळला. "मग सोपं आहे की! मी पोलिसांना सांगतो, माझी खरी तारीख ही न्हाईच. आई म्हणते, मी नागपंचमीच्या आदल्या दिवशीचा!"

मी भाषांतर केलं. फ्राऊ होल्त्समान ताडकन उठल्या आणि त्यांनी खोलीचं दार लावून घेतलं. "पासपोर्टवर, व्हिसावर, सगळीकडे एक जून आहे ना? हेर पाटील, हे वाक्य या देशात पुन्हा उच्चारायचं नाही!"

*

मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारलं तेव्हा दुसरा संजय पाटील सापडला. हा जळगावचा. पूर्वी आमच्याच गावात होता, आता झिंडेलफिंगेनला. मी फोन केला.

तर झालं होतं असं. सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये याची गाडी दुसऱ्या गाडीला घासली. मालक कुठे दिसेना. याने सज्जनपणे काचेवर चिठ्ठी लावली, फोन नंबर लिहिला आणि घरी आला. आपल्याकडे याला लोक देवमाणूस म्हणतील. इथे याला अपघात करून पळून जाणं म्हणतात! केस झाली, कोर्टाची तारीख पडली.

"मग गेला का नाहीत?"

"ताई, पहिल्या तारखेला कोण जातं? काका म्हणे, पहिल्या तारखेला काही होत नाही. नुसती पुढची तारीख भेटते."

पुढची तारीख नाही भेटली, वॉरंट भेटलं. तोवर हा नोकरी बदलून झिंडेलफिंगेनला गेला होता. त्याला पत्ताच नव्हता!

मी त्याला सांगितलं, की तो स्वतः कोर्टासमोर उभा राहिला तर वॉरंट लगेच रद्द होईल, नाहीतर कोल्हापूरच्या पाटलांना 'तो मी नव्हे' हे सिद्ध करत बसावं लागेल, आणि तेवढा वेळ त्यांच्या आईकडे नाही. तो अडचणी सांगायला लागला. त्याचा नागरिकत्वाचा अर्ज चालू होता. मुलं इथल्याच शाळेत. घरी बायकोला यातलं काही माहीत नव्हतं.

"ताई, मला आत टाकतील का?"

"वकील सोबत असतील. बहुतेक नाही."

"बहुतेक?" तो म्हणाला, आणि फोन कट झाला. दिवसभर बंदच लागत होता. मी त्याला इतक्या शिव्या घातल्या की विचारू नका, आणि त्याच्या जागी मी असते तर मीही फोन बंदच केला असता.

*

दुसऱ्या दिवशी ऑफिस उघडायला गेले, तर तो दारात उभा. दाढी वाढलेली, लग्नात घालायचा कोट अंगात. "बायकोला सांगितलं," एवढंच म्हणाला.

कोर्टात न्यायाधीशबाईंनी विचारलं, का आला नव्हतात? आता हा काकांचं नाव घेतो की काय, या भीतीने मी डोळे मिटून घेतले. तो म्हणाला, "चुकलं." बाईंनी चष्म्यावरून त्याच्याकडे बघितलं. आपणहून आलात हे चांगलं केलंत, म्हणाल्या आणि वॉरंट रद्द केलं. सुनावणी पुढच्या महिन्यात ठेवली.

बाहेर आल्यावर तो भिंतीला टेकून उभा राहिला. मग हळूच मला म्हणाला, "ताई, पुढची तारीख भेटली की!"

*

फ्राऊ होल्त्समाननी आधीच बजावलं होतं, की कोर्टाने रद्द केलं तरी सगळ्या कॉम्प्युटरमधून वॉरंट पुसलं जायला वेळ लागतो. कोल्हापूरकरांनी कोर्टाच्या आदेशाची प्रत वरच्या खिशात ठेवली आणि वैशालीला घेऊन आम्ही फ्रँकफर्टचा एअरपोर्ट गाठला. तिथे जळगावकर आधीच येऊन थांबलेला! "म्हटलं, वेळ पडली तर असलेलं बरं," म्हणाला. दोघं पहिल्यांदाच एकमेकांना भेटत होते. त्यांनी हात मिळवला. तेवढ्यात कोल्हापूरहून फोन आला. आईला सकाळपासून धाप लागली होती, आणि तरीही ती ऑपरेशनच्या कागदावर सही करत नव्हती.

पाटील आत गेले. आम्ही पट्ट्याच्या अलीकडे उभे. पासपोर्टच्या काउंटरवरच्या माणसाने नाव टाकलं. पडद्याकडे बघितलं. पुन्हा टाकलं. पाटील खिशातला कागद काढायला लागले, तर तो त्यांच्याच हातातून खाली पडला. काउंटरवरच्या माणसाने फोन उचलला.

वैशालीने माझा दंड इतका घट्ट धरला की मला ओरडावंसं वाटलं. आणि माझ्या शेजारून काहीतरी सुसाट गेलं.

जळगावकर! पट्ट्यावरून उडी मारून, रांगेतल्या बॅगा तुडवत तो काउंटरकडे धावत सुटला होता. "इश बिन दास! इश! तो मी आहे! त्याला सोडा, मी आहे तो!"

दोन्ही बाजूंनी दोन पोलिसांनी त्याला धरलं आणि हात मागे पिरगाळले. सगळी रांग बघत राहिली. वॉरंट रद्द झालंय, याची तोवर काउंटरवरच्या माणसाने फोनवर खात्री करून घेतली होती. त्याने फोन ठेवला, पासपोर्टवर शिक्का मारला आणि तो पुढे सरकवला. पण पाटलांचं तिकडे लक्षच नव्हतं. ते मागे वळून उभे होते, दोन पावलं परतही आले होते.

जळगावकर पोलिसांच्या हातात वाकलेला, तोंड जमिनीकडे, आणि तिथूनच सगळ्या एअरपोर्टला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने ओरडला, "मागं काय पाहून राहिला? जाय ना भाऊ! आई थांबलीय!"